पिलरवरचे तीन मीटर

३ मार्च, सोमवार. सकाळी ७.

आजपासून राग बंद.

तहसीलमधल्या मॅडमनी सांगितलंय, राग आला की वहीत लिहायचं. वही आणली. दोनशे पानी. एवढी लागणार नाही, पण दुकानात लहान नव्हती.

कारण एकदा लिहून ठेवतो. जानेवारीत आमच्या गावच्या संतरामनं ट्रॅक्टर चालवताना मला साइड दिली नाही. मी उतरून त्याला समजावून सांगायला गेलो. सांगताना हात लागला. त्याचे दोन दात पडले. दात आधीपासून हलत असणार, चांगला दात असा पडत नाही. तरी तो ठाण्यात गेला, माझ्यावर चॅप्टर केस झाली आणि मागच्या गुरुवारी वसमतला बाँडवर सही करावी लागली, की वर्षभर कुणाच्या अंगावर जाणार नाही. गेलो तर आत. मी म्हणालो, मॅडम, मी मुळात शांत माणूस आहे. मॅडम म्हणाल्या, फाइलवरून तसं दिसत नाही.

सही करून परत येताना जीप तापली. काटा लालमध्ये. मी मीटरला एकदाच हाणला. काच फुटली, मीटर बंद पडलं, उजव्या हाताला चार टाके. मीटर माणसात मोजत नाहीत, त्यामुळे बाँडला धक्का नाही.

दोष रामकिशनचा आहे. रामकिशन म्हणजे वसमतचा मेकॅनिक, पाचवीपासूनचा माझा दोस्त. डिसेंबरात त्यानंच इंजिन खोललं होतं, तेव्हापासून जीप तापते. तो म्हणतो, तू हळदीचे कट्टे-पोती भरून सेकंड गिअरवर ओढतो, ती तापणारच. म्हणजे चूक माझी!

उपाय सापडलाय. बाहेरून तीन वेगळे मीटर बसवायचे. पाण्याचं टेम्प्रेचर, ऑइल प्रेशर, बॅटरी. पुरावा डोळ्यासमोर. मग रामकिशनला सीटवर बसवायचं आणि काही न बोलता बोट दाखवायचं. शांतपणे.

५ मार्च, बुधवार.

हिंगोलीला भावसिंगच्या कार डेकोरच्या दुकानात गेलो. मीटर गोल असतात, मनगटी घड्याळाहून मोठे, पण ते बसवायचे कशात हा खरा प्रश्न. त्याला पॉड म्हणतात. एक डॅशबोर्डवर चिकटवायचा, भोक पाडायचं काम नाही. एक डॅशबोर्डखाली स्क्रूनं लटकवायची पट्टी. आणि एक पिलरचा, म्हणजे समोरच्या काचेच्या कडेला जो खांब असतो त्याच्यावर उभा. तीन मीटर एकाखाली एक. विमानासारखं.

मी पिलरचा उचलला. भावसिंग म्हणाला, "दादा, हा दुसऱ्या गाडीचा आहे. तुमच्या जीपला बराबर बसणार न्हाई. कापावं लागते. डॅशवरचा घ्या, टेपवर चिकटते, काही तकलीफ न्हाई." मी म्हणालो, मला काय जमतं ते तू सांगणार का? तो म्हणाला, तसं न्हाई दादा. मी म्हणालो, मग कसं?

त्याला हात लावला नाही. काउंटरला लागला. काउंटरची काच नवीन बसवून दिली.

पिलरचाच घेतला. एकूण दिवस शांत गेला.

८ मार्च, शनिवार.

खोकं उघडलं. माहितीपत्रक इंग्रजीत आणि चिनीत. फोटो काढून प्रतिक्षाला पाठवला. माझी लेक, नांदेडला नर्सिंगला आहे. तिनं फोन करून वाचून दाखवलं. सातव्या नंबरला म्हणे लिहिलंय, स्क्रू मारण्याआधी मागून वायर जात नाही ना ते बघा. मी म्हणालो, हे नवशिक्यांसाठी असतं. ती म्हणाली, "पप्पा, रामकिशनकाकांकडून बसवून घ्या ना." तिची आईही सकाळी तेच म्हणाली. दोघींना एवढं कळत नाही की ज्याच्याविरुद्ध पुरावा गोळा करायचा, त्याच्याच हातात तो कसा द्यायचा?

पिलरवरचं कंपनीचं प्लास्टिक काढायला घेतलं. निघेना. दोन्ही पाय डॅशबोर्डला लावून ओढलं. निघालं, आणि सरळ नाकावर आलं. बरंच रक्त गेलं. मग मी त्या प्लास्टिकला अंगणात नेऊन पुन्हा असं न करण्याबद्दल समज दिली. त्याचे सहा तुकडे झाले. आता ते परत बसणार नाही, म्हणजे माघार घ्यायचा प्रश्न मिटला.

शिवकन्या, म्हणजे प्रतिक्षाची आई, ओट्यावर उभी राहून बघत होती. मग आत जाऊन तिनं दार ओढून घेतलं. ऊन फार होतं.

९ मार्च, रविवार.

पॉड पिलरवर बसत नाही. वरून बोटभर मोठा, खाली वाकडा. भावसिंगनं मुद्दाम दिला असणार.

शेतात हळद शिजवून राहिले होते. कढईखालच्या जाळावर पॉड धरला, मऊ केला, पळत येऊन पिलरवर दाबला. तीनदा. दोन बोटांना फोड. पण पिलरचा आकार आला. मधलं भोक जरा लांबट झालं, त्यामुळे ऑइल प्रेशरचा मीटर माझ्याकडं न बघता आभाळाकडं बघतो. चालेल.

वायर आत घ्यायला ड्रिलनं भोक पाडत होतो. ड्रिल सटकलं. समोरच्या काचेला टोक लागलं आणि कोपऱ्यापासून पार मध्यापर्यंत तडा गेला. माझ्या डोळ्यादेखत गेला, सावकाश, मला चिडवत. ड्रिल फेकलं. बॉनेटवर पडलं. तिथं पोचा. मग पोचा दिसला म्हणून पुन्हा राग आला, त्याच्या शेजारी अजून एक लाथ.

यात कुठंही माणूस नाही. बाँड शाबूत.

१० मार्च, सोमवार.

राग नाही. कुणी भेटलं नाही.

१२ मार्च, बुधवार. डाव्या हाताला पट्टी, त्यामुळे अक्षर वाईट. (उजव्यानंच लिहितो, पण वही धरता येत नाही.)

टेम्प्रेचरचा सेन्सर रेडिएटरच्या वरच्या होस पाइपमध्ये बसवायचा असतो. पाइप मधून कापायचा, धातूची छोटी नळी घालायची, तिच्यात सेन्सर आवळायचा. सोपं आहे. इंजिन गार होऊ द्या असं लिहिलंय. नुकताच शेतातून आलो होतो. पण गार व्हायला तास लागतो, आणि थांबलं की मला राग येतो, आणि राग तर बंद केलाय. म्हणून तसाच कापला.

उकळतं पाणी कोपरापर्यंत आलं. मी किती ओरडलो ते मला माहीत नाही, गल्ली जमली होती. रेडिएटरच्या जाळीला दोन लाथा घातल्या, तेवढं आठवतं. शिवकन्यानं हातावर माठातलं गार पाणी ओतलं, ओली साडी गुंडाळली आणि एसटीनं वसमतच्या दवाखान्यात नेलं.

एसटीत ती म्हणाली, "मला भेव वाटून राहिलं."

मी विचारलं, गाडीचं का?

ती खिडकीबाहेर बघत राहिली.

तिचंही बरोबर आहे. अशी तापणारी गाडी म्हटल्यावर बाईमाणूस भिणारच. मीटर लवकर पूर्ण केले पाहिजेत.

१४ मार्च, शुक्रवार. धुळवड.

घरात बसून राहिलो. बाहेर लोक रंग लावायला अंगावर येतात आणि मी बाँडवर सही केलेली आहे.

१६ मार्च, रविवार. संध्याकाळी ६.

झालं! तिन्ही मीटर चालू.

चावी फिरवली की तिघांत लाल उजेड. काटे एकदम शेवटपर्यंत जाऊन परत येतात, सलामी दिल्यासारखे. मी अर्धा तास नुसता चावी फिरवत बसलो. कुणाची मदत नाही. एका हातानं. शिवकन्याला बोलावून दाखवलं. ती म्हणाली, "हं." तिला यातलं कळत नाही.

वसमतपर्यंत जाऊन आलो. टेम्प्रेचर पंच्याऐंशी. चढावर नव्वद. परत पंच्याऐंशी. सगळा रस्ता तेच.

हे कसं? गाडी तापत कशी नाही? मीटरमध्ये काहीतरी गडबड आहे.

१७ मार्च, सोमवार.

पॉड खडखड वाजत होता. चिकटवलेलं टिकत नाही. दोन इंची दोन स्क्रू घेतले आणि वरून सरळ पिलरमध्ये मारले. पक्का बसला. आता भूकंप आला तर पिलर निघेल, पॉड निघणार नाही.

आणि लगेच फरक! चावी फिरवली, तर टेम्प्रेचरचा काटा थेट एकशेवीसच्या पुढं. काट्याला पुढं जायला जागा नाही म्हणून तिथं थांबला. इंजिन सुरूसुद्धा केलेलं नाही. म्हणजे रामकिशननं इंजिनाची किती वाट लावलीय बघा. चालू व्हायच्या आधीच तापतंय.

आता मीटर बराबर.

शिवकन्या ओट्यावरून खाली आली. बॉनेटवर तळहात ठेवला. म्हणाली, "गार हाये की वो. माठासारखं." मी म्हणालो, मीटर असताना हातानं काय बघती? ती म्हणाली, "मीटर काल गप होतं. आज तुमी स्क्रू मारले अन् आज बोंबलून राहिलं." मी चढ्या आवाजात फक्त एवढंच म्हणालो की आत जा.

उद्या रामकिशन. बोट दाखवायचं. काही बोलायचं नाही. वाटेत शंभरपर्यंत आकडे मोजायचे.

१८ मार्च, मंगळवार.

विशेष काही नाही. वसमतला जाऊन आलो. शर्ट बदलला.

१९ मार्च, बुधवार.

काल रामकिशनला हात लागला.

हातात लोखंडी टॉमी होती.

२० मार्च, गुरुवार. पहाटे ५.

मॅडम म्हणाल्या होत्या, सगळं लिहायचं. लिहितो.

मी शांतच गेलो होतो. आकडे मोजत. चौऱ्याहत्तरला गॅरेज आलं. रामकिशन टेम्पोखाली होता, बाहेर आला, हात पुसले. म्हणाला, "काय रे इसंबर, हाताला काय झालं?" मी काही न बोलता त्याला सीटवर बसवलं आणि मीटरकडं बोट दाखवलं. म्हणजे ठरल्याप्रमाणेच केलं.

त्यानं पॉड बघितला. वितळलेला कोपरा बघितला. काचेचा तडा बघितला. चावी बंद केली, बाहेर येऊन रेडिएटरच्या टोपणावर फडकं ठेवलं. मी म्हणालो, भाजशील. त्यानं सावकाश टोपण उघडलं आणि आत बघितलं. नुसती थोडी वाफ निघाली. मग म्हणाला, "गरम हाये, पण उकळून न्हाई राहिलं. एकशेवीस असतं तर टोपण उडून माझं तोंड भाजलं असतं. तू कुठंतरी वायर चेपली, गड्या. काढ ते स्क्रू, मी दोन मिनिटांत बघतो."

बाजूच्या हॉटेलवर चौघंजण चहा पीत होते. त्यातला एकजण म्हणाला, पाटलाचं विमान उडंना का? सगळे हसले. रामकिशनही हसला. तो नेहमी हसतो. पाचवीत असतानाही मास्तरांनी मारलं तरी हसायचा.

चाकाचे नट खोलायची टॉमी जमिनीवर पडलेली होती. ती मी उचलली ते मला आठवतं. ती जड होती तेही आठवतं. त्यानं हात वर केला, कोपर असं डोक्यापुढं, आणि पहिला फटका कोपरावर बसला. आवाज आला. लाकूड मोडतं तसा नाही, ओला आवाज. तो खाली बसला आणि फक्त "इसंबर" एवढंच म्हणाला. शिवी दिली असती तर गोष्ट वेगळी.

दुसरा का मारला, ते मला सांगता येत नाही. तो कानाजवळ लागला. हसणारे पळत आले. दोघांनी मला धरलं, त्यातल्या एकाला मी डोक्यानं धडक दिली, त्याचा ओठ फाटला. मग त्यांनी मला जमिनीवर पाडून दाबून धरलं. माझं तोंड ऑइलच्या मातीत. तिथून मला रामकिशनचा पाय दिसत होता. चप्पल निघालेली.

घरी कसा आलो ते माहीत नाही. कुणीतरी माझ्याच जीपनं सोडलं. मीटर अख्ख्या रस्त्यात एकशेवीसच्या पुढं.

२१ मार्च, शुक्रवार.

पोलीस आले नाहीत.

शिवकन्या सकाळच्या एसटीनं वसमतच्या दवाखान्यात जाऊन आली. रामकिशनच्या हाताचं हाड दोन ठिकाणी मोडलंय. उजवा. उजव्या कानानं सध्या ऐकू येत नाही, पुढं येईल का ते डॉक्टर सांगत नाहीत. त्यानं दवाखान्यात सांगितलं, जॅक सरकला. हॉटेलवाल्यांनाही तेच सांगायला लावलं.

मी म्हणालो, बघ, शेवटी दोस्त तो दोस्त. म्हणजे प्रकरण मिटलं.

ती ताट घासत होती. म्हणाली, "मिटलं न्हाई. त्यानं झाकलं."

दोन्हीत फारसा फरक नाही. झोप आली नाही, पण ती उन्हाळ्यामुळं.

२३ मार्च, रविवार.

जीप त्या दिवसापासून दारातच उभी आहे. रामकिशनपुढं तोंडघशी पडायला नको म्हणून इंजिनाचा पक्का पुरावा शोधायला बसलो. म्हटलं, आधी पॉड काढून वायरी सरळ करू.

वरचा स्क्रू काढला. काही नाही. खालचा स्क्रू काढला.

काटा खाली आला. एकशेवीसवरून सरळ खाली, गार इंजिनावर जिथं असायला पाहिजे तिथं.

स्क्रू परत घातला. काटा वर. काढला. खाली. घातला. वर. असं मी पंधरा-वीस वेळा केलं. मग पॉड उचकटून बघितलं. टेम्प्रेचरची वायर मधोमध फाडून स्क्रू पिलरच्या पत्र्यात गेला होता. तांबं चमकत होतं.

हे कंपनीनं मोठ्या अक्षरात लिहायला पाहिजे. सातव्या नंबरला कोण वाचतं?

रामकिशन म्हणाला होता, वायर चेपली. चेपलेली नव्हती. भोसकलेली होती. म्हणजे पूर्ण बरोबर तोही नव्हता.

हे वाक्य लिहून एक तास झाला. खोडायचं होतं, पण वहीत खाडाखोड करायची नाही असं पहिल्या दिवशी ठरवलं होतं.

वायर जोडली, टेप गुंडाळली. हळदीचे रिकामे कट्टे टाकून थर्ड गिअरवर वसमतच्या अलीकडपर्यंत जाऊन आलो. पंच्याऐंशी. मग ओले कट्टे भरून सेकंडवर ओढली. शंभर, एकशेपाच. थर्डवर घेतली. परत पंच्याऐंशी.

इंजिनात काही नाही. डिसेंबरपासून काहीच नव्हतं.

२५ मार्च, मंगळवार.

रामकिशनच्या घरी गेलो. किलोभर द्राक्षं नेली. ठरवलं होतं की चूक दोघांकडूनही झाली असं बोलून विषय संपवायचा.

दार त्याच्या बायकोनं, मिनानं उघडलं. ती या म्हणाली नाही, नकोही म्हणाली नाही. रामकिशन खाटेवर बसला होता. हात प्लास्टरमध्ये खांद्यापर्यंत, डोक्याला पट्टी. डाव्या हातात चहाचा कप. मला बघून हसला. म्हणाला, "या बाजूनं बोल, तिकडून ऐकू येत न्हाई."

मी त्या बाजूला गेलो. सांगितलं, वायर सापडली, तू म्हणाला तसंच होतं, मीटर आता बराबर आहे. तो म्हणाला, "चांगलं झालं." मी म्हणालो, टॉमीचं मनात ठेवू नको. त्यानं चहाचा घोट घेतला.

मला एकदम भरून आलं. एकोणचाळीस वर्षांची दोस्ती. मी त्याच्या पाठीवर थाप मारायला हात उचलला.

तो खाली झुकला. प्लास्टरचा हात डोक्यावर, गुडघे पोटाशी. कप फरशीवर फुटला. एवढ्या झटक्यात, की त्यानं ठरवून केलेलं नव्हतं हे कुणालाही कळलं असतं. मग तो सरळ झाला आणि लाजला. मला म्हणाला, "सॉरी." तो मला सॉरी म्हणाला.

माझा हात अजून वरच होता. तो कुठं ठेवायचा ते मला कळेना.

मिना फडक्यानं चहा पुसत होती. वर न बघता म्हणाली, "भाऊजी, तुमी आता जा."

२६ मार्च, बुधवार. सकाळी साडेसहा.

चहासाठी साखर हवी होती. डबा फळीवर, शिवकन्या चुलीपुढं भाकरी थापत बसलेली. मी तिच्या डोक्यावरून हात लांबवला.

तिनं मान आत घेतली.

थोडीशीच. भाकरी थापायची थांबलीही नाही. तिला स्वतःलाही कळलं नसणार. हे ती किती वर्षांपासून करते आणि मी कधी बघितलं नाही, ते मला माहीत नाही. साखरेचा डबा तिनंच उठून काढून दिला.

बाहेर येऊन वही उघडली आणि लिहायला घेतलं, की शिवकन्याला मी कधीही मारलेलं नाही. 'शिवकन्याला मी' इथपर्यंत आलो आणि तारखा आठवायला लागल्या. प्रतिक्षा सहा महिन्यांची होती, दूध उतू गेलं होतं, ती पहिली वेळ. मग शिवकन्याच्या भावाच्या लग्नातून परत आलो त्या दिवशी. मग विहिरीवरची मोटार जळाली तेव्हा. मग एकदा कशासाठी ते आठवत नाही, तिनं दोन दिवस डोक्यावरचा पदर पुढं ओढून घेतलेला तेवढा आठवतो.

वाक्य तसंच सोडलं.

ती दारात येऊन विचारून गेली, चहा आता घेता का मग. आता घेतो म्हणालो. इतक्या हळू, की तिला पुन्हा विचारावं लागलं.